दिवाणखान्यातील संगणकाची पेटी कशी पारखावी?

धान्याच्या व्यापारात माल पारखण्याची रीत सर्वांस ठाऊक असते. परंतु बारदान आणि वखार यांची पारख तितक्याच काळजीने करणारे थोडे. पुढे मालाला ओल लागली की दोष मात्र मालाला दिला जातो. संगणकाच्या बाबतीतही हेच घडताना दिसते. प्रोसेसर कोणता, स्मरणशक्ती किती, याची चौकशी दहा दुकानांत होते. आणि हे सर्व ज्या पेटीत राहावयाचे, ती पेटी, म्हणजे बाजारातील भाषेत ‘कॅबिनेट’, केवळ रंगरूप पाहून उचलली जाते.

कचेरीतील संगणक मेजाखाली राहतो. तेथे हे खपून जाते. परंतु टेलिव्हिजनला जोडून चित्रपट व संगीत यांसाठी ठेवावयाचा जो संगणक, ज्याला होम थिएटर पी.सी. म्हणतात, तो दिवाणखान्यात राहतो. ज्यांना केवळ इंटरनेटवरील चित्रपट पाहावयाचे आहेत, त्यांचे काम टेलिव्हिजनमागे लावण्याच्या लहानशा उपकरणाने भागते. त्यांनी हा खर्च करू नये. मात्र लग्नसमारंभांच्या चित्रफिती, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे आणि तबकड्यांवरील जुने संगीत ज्यांना एके ठिकाणी जतन करावयाचे आहे, त्यांना या यंत्राचा खरा उपयोग आहे. दुकान बंद झाल्यावर सारे घर जेथे एकत्र बसते, तेथे सतत घुरघुरणारी पेटी कोणासही नको असते. अशी पेटी महिन्याभरात बंद करून ठेवली जाते आणि तिच्यातील घरचा ठेवाही तिच्याबरोबर बंद पडतो.

पहिली कसोटी मापाची. संगणकाच्या मुख्य फलकाची, म्हणजे मदरबोर्डची, मापे ठरलेली आहेत. १९९५ साली इंटेलने आणलेल्या ए.टी.एक्स. पद्धतीचा फलक ३०५ × २४४ मि.मी.चा असतो, मायक्रो-ए.टी.एक्स. जास्तीत जास्त २४४ × २४४ चा. आणि व्हिया कंपनीने २००१ मध्ये पुढे आणलेला मिनी-आय.टी.एक्स. अवघा १७० × १७० चा. या ठरीव मापांमुळेच पेटी स्वतंत्रपणे निवडता येते. परंतु फलक बसला म्हणजे सर्व बसले असे नव्हे. प्रोसेसरवरील हीटसिंकची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि वीजपुरवठ्याचा प्रकार ही तीन मापे वेगळी पडताळावीत.

उदाहरणादाखल दोन पेट्या घेऊ. फ्रॅक्टल डिझाइनची ‘नोड २०२’ आडवी ठेवली असता ३७७ मि.मी. रुंद, ८२ उंच व ३३० खोल आहे. म्हणजे सुमारे १० लिटर घनफळ. सिल्व्हरस्टोनची ‘ग्रँडिया जी.डी. ०९’ ही ४४० रुंद, १७० उंच व ३५८ खोल, म्हणजे जवळजवळ २७ लिटर. पहिली दिसावयास सडपातळ व सुबक. परंतु तिच्यात मिनी-आय.टी.एक्स. फलकच बसतो, हीटसिंक ५६ मि.मी.पेक्षा उंच चालत नाही, वीजपुरवठा लहान एस.एफ.एक्स. जातीचाच लागतो आणि साडेतीन इंची मोठ्या हार्ड डिस्कला जागा नाही. दुसरी कपाटात बरीच जागा अडवते; परंतु तिच्यात पूर्ण ए.टी.एक्स. फलक व नेहमीचा वीजपुरवठा बसतो आणि मोठ्या डिस्कचीही सोय होते. यांपैकी एक चांगली व दुसरी वाईट असे म्हणता येणार नाही. मात्र पहिलीच्या देखणेपणासाठी आतील प्रत्येक भाग निवडून घ्यावा लागतो, हा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

दुसरी कसोटी वाऱ्याची. पंखा पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तो केवळ उष्णता बाहेर लोटतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या बाजूस उन्हाळ्यात बाहेरची हवाच ४० अंशांवर जाते, हे थंड देशांतील परीक्षणे वाचताना विसरू नये. वखारीत आपण थप्पी भिंतीला टेकवीत नाही, त्याप्रमाणे पेटीच्या मागे व जाळीच्या बाजूस मोकळी जागा ठेवावी. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात ही पेटी काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये ठेवली होती. वैशाखात चित्र अडखळू लागले, आणि नवा प्रोसेसर घेण्याचे ठरत होते. शोकेसची मागची फळी काढताच चित्र सुरळीत झाले. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो, एवढेच त्यामागील कारण.

तिसरी कसोटी आवाजाची. १२० मि.मी. व्यासाच्या पंख्याचे क्षेत्रफळ ८० मि.मी.च्या पंख्याच्या सव्वादोन पट असते. म्हणून तो हळू फिरूनही तितकीच हवा देतो. पंख्याची गती निम्मी केली तर त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. यास्तव लहान व वेगवान पंख्यांपेक्षा मोठा व संथ पंखा ज्या पेटीत बसतो, ती पत्करावी. पत्रा पातळ असेल तर हार्ड डिस्कच्या कंपनाने तो घुमतो; डिस्कखाली रबरी बैठक आहे की नाही ते पाहावे.

चौथी कसोटी धुळीची व हाताळणीची. हवा आत येण्याच्या प्रत्येक जागी सहज निघणारी व धुता येणारी जाळी असावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवल्यास फटींतून धूळ ओढली जात नाही. पुढील भाग भरीव धातूचा असल्यास रिमोटचे अवरक्त किरण आत पोहोचत नाहीत, आणि धातूच्या बंद पेटीत वाय-फायही क्षीण होते. म्हणून किरण घेणारा डोळा व अँटेना बाहेर काढण्याची सोय पाहून घ्यावी.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी कपाटाची रुंदी, उंची व खोली मोजून कागदावर लिहून न्यावी. मागील तारांसाठी किमान ५० मि.मी. वजा करावेत. विक्रेत्यास झाकण उघडावयास सांगावे, पत्रा बोटाने दाबून पाहावा, जाळी आपल्या हाताने काढून पुन्हा बसवावी. पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. तोच नियम येथेही पाळावा, म्हणजे घरच्या मंडळींस चित्र दिसेल, गाणे ऐकू येईल आणि पेटीची कोणास आठवणही राहणार नाही.