भागीदारीतील नफ्याची वाटणी

भागीदारीची गणिते आपण सर्वांनी शाळेत सोडविलेली आहेत. भागीदारीचा धंदा मात्र थोड्यांनीच केलेला असतो. त्यामुळे गणिताचे उत्तर एक आणि कायद्याचे उत्तर दुसरे असू शकते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानात नसते.

या गणिताचे घराणे मोठे जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील 'लीलावती' या भागात तीन व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. त्यांची भांडवले अनुक्रमे ५१, ६८ व ८५. एकत्र व्यापार करून तिघांचे मिळून ३०० झाले. भांडवलांची बेरीज २०४. प्रत्येकाच्या भांडवलास ३०० ने गुणून २०४ ने भागले की ७५, १०० व १२५ असे वाटे निघतात. तीनास चार, चारास पाच असे हे सरळ प्रमाण होय. येथे तिघांचा पैसा सारखाच काळ गुंतलेला आहे, हे मात्र गृहीत धरलेले आहे. व्यवहारात तसे क्वचितच घडते.

आसनगाव स्टेशनावर उतरून शहापूर-मुरबाडच्या बाजूस गेले, की हिवाळ्यात वीटभट्ट्या दिसू लागतात. पाऊस संपल्यावर सुरू व्हावयाचे आणि मृगापूर्वी आटोपावयाचे, असा हा हंगामी धंदा. समजा, तिघांनी मिळून एक भट्टी घातली. पहिल्याने मार्गशीर्षात चार लाख रुपये घातले, दुसऱ्याने त्याच वेळी तीन लाख. तिसरा गुढीपाडव्यास आला, पण सहा लाख घेऊन आला. वैशाखअखेर हिशेब झाला तेव्हा निव्वळ नफा २,७०,००० रुपये निघाला.

नुसत्या रकमा पाहिल्या तर सर्वांत मोठा वाटा तिसऱ्याचा ठरेल. परंतु पहिल्या दोघांचा पैसा सहा महिने अडकला होता, तिसऱ्याचा दोनच. म्हणून रकमेस महिन्यांनी गुणावयाचे : चार गुणिले सहा २४, तीन गुणिले सहा १८, सहा गुणिले दोन १२. प्रमाण ४ : ३ : २. नफ्याचे नऊ भाग केले तर एक भाग ३०,००० चा. पहिल्यास १,२०,०००, दुसऱ्यास ९०,००० आणि ज्याने सर्वांत अधिक रक्कम आणली त्या तिसऱ्यास अवघे ६०,०००.

येथे पाठ्यपुस्तक मिटते. पण या तिघांत वाटणीविषयी काहीच ठरलेले नसेल आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर काय होईल? १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाचे तेरावे कलम सांगते की, उलट करार नसेल तर भागीदारांनी नफा समसमान वाटून घ्यावा आणि तोटाही समसमान सोसावा. म्हणजे प्रत्येकास ९०,०००! दुसऱ्याचे काहीच बिघडत नाही. तो शांतपणे विडा लावीत बसेल. पहिल्याचे तीस हजार मात्र तिसऱ्याच्या पदरात जातात.

तोट्याच्या वर्षी पारडे फिरते. ९०,००० रुपये बुडाले, तर गणिताने तिसऱ्यावर २०,००० चा भार येतो, कायद्याने ३०,००० चा.

याच कलमात आणखी काही गोष्टी आहेत. पहिला भागीदार रोज भट्टीवर उभा राहून देखरेख करीत असला, तरी तसे ठरलेले नसेल तर त्या श्रमाबद्दल त्यास वेतन मागता येत नाही. भांडवलावर व्याज ठरले असेल तर तेही नफ्यातूनच मिळावयाचे. ठरल्या भांडवलाहून अधिक पैसा त्याने धंद्यासाठी दिला, तर त्यावर द.सा.द.शे. सहा दराने व्याज मिळते. फाल्गुनाच्या आरंभी त्याने कोळशासाठी आणखी एक लाख दिले असतील, तर वैशाखअखेरपर्यंतच्या तीन महिन्यांचे १,५०० रुपये होतात. तीच रक्कम भांडवल म्हणून मांडली असती, तर गुणाकारात तीन अंक वाढले असते.

करार तोंडी चालतो. भागीदारांच्या वागणुकीवरूनही तो सिद्ध करता येतो. परंतु गुढीपाडव्यास कोण काय बोलले, हे पावसाळ्यात प्रत्येकास निराळे आठवते. म्हणून लेखात एवढे असावे : प्रत्येकाची रक्कम, ती धंद्यात आल्याची तारीख, मध्येच काढून घेतल्यास ती तारीख, देखरेखीचा मोबदला, आणि नफा व तोटा रक्कम व महिने यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाटला जाईल, हे वाक्य. 'तोटा' हा शब्द लेखात हटकून गाळला जातो. भट्टी पेटविताना तो उच्चारणे लोकांस अशुभ वाटत असावे.