मॅग्नेटो की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

चेन्नईत एका मित्राची जुनी बीएसए मोटारसायकल चालवली. थंड असताना झटकन सुरू, तापल्यावर मात्र किक मारून पाय दुखले तरी दाद देईना.

अशा वेळी पहिला संशय गाडीच्या लुकास मॅग्नेटोच्या कंडेन्सरवर घ्यावा. तो आर्मेचरच्या आत असतो, जुना झाला की उष्णतेने दगा देतो. कंडेन्सर बदलला, कॉइल नव्याने गुंडाळली, की मॅग्नेटो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. त्याला बॅटरी लागत नाही, पण किकच्या वेळी ठिणगी सर्वांत क्षीण असते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटमध्ये पॉइंट झिजणं नाही. पण बॅटरी उतरली की बहुतेक किट गप्प.

तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातल्या जुन्या रॉयल एनफिल्ड बुलेटला मॅग्नेटो नाही, तर बॅटरी, कॉइल आणि पॉइंट. तिला किट जरूर बसवा. मूळ मॅग्नेटो मात्र दुरुस्तच करा.