खानदेशातील यात्रा : ठाणी अनेक, वाट एक

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात, अखंड दीप तेवू लागतो आणि खानदेशातील भाविक कुटुंबांची पावले आपापल्या कुलस्वामिनीच्या ठाण्याकडे वळतात. धुळ्यात पांझरेच्या तीरी श्री एकवीरादेवीच्या दर्शनासाठी पहाटेपासून रांगा लागतात. चाळीसगावजवळ, डोंगरांच्या कुशीत श्री पाटणादेवीचे स्थान आहे. तर यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, धबधब्याच्या सान्निध्यात श्री मनुदेवी विराजमान आहे. आदिशक्तीची ही सारी रूपे एकाच भूमीने आपल्या अंगाखांद्यावर वागविली, ही खानदेशची पुण्याईच म्हटली पाहिजे.

परंतु या यात्रांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले असता मनाला एक रुखरुख लागून राहते. भाविक येतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि तासाभरात गाडी परतीच्या मार्गाला लागते. पाटणादेवीला जाऊन आलेल्या किती जणांना ठाऊक असते, की थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी याच पाटण येथे मठ स्थापन केला? शके 1128 मध्ये निकुंभवंशीय सोइदेवाने या मठाला दिलेल्या दानाचा उल्लेख येथील शिलालेखात आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. देवीसमोर हात जोडणाऱ्या बालकाला ही कथा त्याच ठिकाणी कोणी सांगितली, तर त्याच्या मनात दोन दिवे एकदम लागतील!

जळगाव स्थानकाची कथा याहून निराळी नाही. अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी येथे उतरतात, लेणी पाहून येथूनच पुढची गाडी धरतात. एरंडोल तालुक्यातील पद्मालयाच्या कमळांच्या तळ्याकाठी उजव्या व डाव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत, चोपडा तालुक्यात उनपदेवला उष्ण पाण्याचा झरा वाहतो, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आणि जवळच संत मुक्ताईचे समाधिस्थान आहे, हे त्यांना सांगावे कोणी?

सांगणारे नाहीत असे नव्हे. परंतु जो तो केवळ आपल्या दुकानापुरते सांगतो. हार-नारळ विकणारी माउली, खानावळवाला, जीपचालक, धर्मशाळेचा व्यवस्थापक या साऱ्यांची वर्षाची मोठी कमाई यात्रेच्या मोजक्या दिवसांवर अवलंबून असते. म्हणून यात्रेकरू दिसताच प्रत्येक जण त्याला आपल्याकडे ओढतो. या ओढाताणीत यात्रेकरू त्रासतो आणि लवकर काढता पाय घेतो. तो मुक्कामाला राहिला असता तर रात्रीचे जेवण, सकाळचा चहा, दुसऱ्या ठाण्यापर्यंतचे भाडे, घरी न्यावयाचा केळ्यांचा घड, असे चार घरांत चार पैसे गेले असते. त्याला घाईने परत पाठवून सगळ्यांचेच नुकसान होते.

यावरील उपाय परक्या देशातून आणावयास नको. तो आमच्याच परंपरेत आहे. जळगावचा श्रीराम रथोत्सव पाहा. श्री अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केलेला हा रथ कार्तिकी एकादशीला जुन्या गावातून निघतो. कोणी दोर ओढतो, कोणी चाकाखाली मोगरी लावून रथाला वळण देतो, कोणी दारात रांगोळी घालतो. वाटेत लालशाह बाबांच्या समाधीपाशी चादर चढविली जाते. दोर कोणाच्या हातात आहे, हे कोणी विचारीत नाही. रथ पुढे जातो, एवढेच सर्वांना पुरे असते. अमळनेरला संत सखाराम महाराजांच्या वैशाखातील यात्रेत बोरीच्या पात्रात जो समुदाय जमतो, त्याच्या व्यवस्थेतही असेच शेकडो हात राबतात.

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. या मानांकनाचे मर्म असे, की नाव एका बागायतदाराचे नसून साऱ्या प्रदेशाचे असते. नावाला मान मिळाला तर तो सर्वांचा, आणि एकाने खोटा माल विकला तर बट्टाही सर्वांना. मग जो न्याय केळीला, तोच यात्रेला का नसावा?

याकरिता फार मोठ्या भांडवलाची आवश्यकता आहे, असे आम्हांस वाटत नाही. चार तालुक्यांतील देवस्थाने, खानावळी, वाहनचालक, बागायतदार आणि महिला बचत गट यांनी प्रथम एकत्र बसावे. आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून एकच मार्गपत्रक छापावे. ठाण्यांचा क्रम, एस.टी.च्या वेळा, मुक्कामाची सोय, दराची यादी आणि प्रत्येक स्थानाचे माहात्म्य त्यात असावे. पद्मालयाच्या दुकानदाराने मनुदेवीची वाट सांगावी, मनुदेवीच्या दुकानदाराने मुक्ताईची. कळण्याची भाकरी आणि भरीत रांधणाऱ्या भगिनींचा पत्ता धर्मशाळेच्या भिंतीवर लागावा. ठरलेल्या दरापेक्षा जो अधिक घेईल, त्याचे नाव पुढील पत्रकातून वगळावे. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात आहे. तेथे कचरा टाकू न देण्याची जबाबदारीही याच मंडळींनी उचलावी.

हे काम दुसऱ्यावर सोपवून भागत नाही, याचा धडा सारंगखेड्याने दिला आहे. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले आणि 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेले हे तापीकाठचे गाव एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी व घोडेबाजारासाठी सर्वश्रुत आहे. या यात्रेला जोडून चेतक महोत्सव मोठ्या थाटाने भरविला गेला. पण त्यासाठी बाहेरच्या खासगी संस्थेशी केलेला करार शासनाने 2019 मध्ये रद्द केला. त्यानंतरही दत्तजयंतीला भाविक आले, घोड्यांचे सौदे झाले. बाहेरून आलेला थाट जातो. श्रद्धेवर आणि गावकऱ्यांच्या श्रमावर उभे असलेले मात्र टिकते.

देवाच्या नावे हा व्यापार नव्हे काय, असा प्रश्न काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात येईल. प्रश्न योग्य आहे. भाविकाला लुबाडणे हा व्यापार खराच, आणि तो पापही आहे. परंतु थकल्या वाटसरूला रास्त दरात अन्न, निवारा आणि पुढची खरी वाट दाखविणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. पांथस्थाला पाणी देणे आपण पुण्य मानीत आलो. पाणपोई कोणा एकाने घातली काय किंवा दहांनी मिळून घातली काय, तिचे पुण्य उणे होत नाही.

घटात पेरलेले धान्य नऊ दिवसांत एकत्र उगवते. एकेक अंकुर नाजूक असतो. सारे मिळून मात्र दसऱ्याला देवीला वाहण्याजोगा हिरवागार तुरा होतो. यंदा दर्शनाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक ठाणे अधिक पाहावे, एक मुक्काम अधिक करावा. आणि वाटेवरच्या व्यावसायिकांनी शेजाऱ्याचा हात धरावा, अशी सुबुद्धी आदिमाया सर्वांना देवो, हीच तिच्या चरणी आमची प्रार्थना!