कोणती शेळी? अडचण इंग्रजीत सांगताना

मैत्रिणींनो, साताऱ्याचं माण असो की सांगलीचं जत, दुष्काळी भागात शेळ्यामेंढ्या म्हणजे बाईची बँकच. जतची माडग्याळ मेंढी तर नावाजलेली. आपण त्यांचा विमा उतरवतो, कानात बिल्ला मारून घेतो. जनावर दगावलं की पुढ्यात येणारा फॉर्म मात्र कधीकधी इंग्रजी असतो. त्यात अडचण कशी मांडायची, ते आज पाहू.

आपण म्हणतो, 'जी शेळी मेली, ती माझी.' ही जी-तीची जोडी तशीच उचलली की होतं, 'व्हिच गोट डाइड, दॅट गोट वॉज माइन.' समोरच्याला कळेल, पण इंग्रजीत असं म्हणत नाहीत. तिथं आधी शेळीचं नाव, लगेच तिचं काय झालं ते, मग उरलेलं: 'द गोट दॅट डाइड वॉज माइन.' 'जी'च्या जागी 'दॅट' आला, 'ती' गळाली. माणूस असेल तर 'हू': 'द डॉक्टर हू सॉ द गोट', म्हणजे शेळी तपासणारे डॉक्टर.

'मी विमा उतरवलेली शेळी' असंही आपण म्हणतो. मराठीत सगळी हकिकत शेळीच्या आधी येते, इंग्रजीत नंतर: 'द गोट दॅट आय इन्शुअर्ड.' शेवटी 'इट' जोडायचा मोह होतो. जोडू नका, शेळी एकदा येऊन गेली आहे.

आता खरी मेख. 'द गोट्स दॅट डाइड वेअर इन्शुअर्ड' म्हणजे कळपातल्या ज्या मेल्या, त्यांचा विमा होता. 'द गोट्स, व्हिच डाइड, वेअर इन्शुअर्ड' म्हणजे सगळ्याच मेल्या! बोलताना हा स्वल्पविराम म्हणजे नुसता थांबा, पण कागदावर त्यानं दहातल्या तीनच्या दहा होतात आणि तुमच्या खरेपणावरच शंका येते. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतलात तरी वाचून घ्या आणि आकडा घालायला लावा: 'द थ्री गोट्स दॅट डाइड.' पुढे प्रत्येकीचा बिल्ला नंबर.

आणि पुरण्याआधी विमावाल्यांना नि पशुवैद्यांना कळवा, बिल्ला काढून जपून ठेवा. दाव्यासोबत तो मागतात. विचारलं तर सांगायचं, 'द टॅग दॅट वॉज इन इट्स इअर इज विथ मी.'