भारतीय शास्त्रीय संगीतातील गिटार

भारतीय शास्त्रीय संगीतातील गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची गुळगुळीत कांडी सरकवत वाजवली जाणारी आणि रागसंगीताच्या गरजेनुसार बदल करून घेतलेली गिटार होय. तिला ‘हवाईयन गिटार’, ‘स्लाइड गिटार’ अशीही नावे आहेत. मोहनवीणा, चतुरंगी, शंकर गिटार ही तिचीच पुढील रूपे आहेत. पाश्चात्त्य अभिजात गिटार आणि हे वाद्य यांचा सांगाडा सारखा असला, तरी वादनतंत्र व नादाची कल्पना या दोन्ही बाबतींत ती वेगळी वाद्ये आहेत.

== पाश्चात्त्य अभिजात गिटारशी तुलना ==

पाश्चात्त्य अभिजात गिटारचा आजचा आकार प्रामुख्याने स्पॅनिश कारागीर अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी निश्चित केला. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांनी तिचे वादनतंत्र घडवले आणि आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी तिला मैफलीच्या रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यापूर्वी गिटार हे दिवाणखान्यातील किंवा लोकनृत्याच्या साथीचे वाद्य मानले जाई. सेगोव्हियांनी संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेतल्या, अन्य वाद्यांसाठीच्या रचना गिटारवर उतरवल्या आणि जगभर दौरे केले. पुढील पिढीत ज्युलियन ब्रीम व जॉन विल्यम्स यांनी हीच वाट रुंदावली. या वाद्यात डाव्या हाताची बोटे तारा पडद्यांवर दाबतात, उजव्या हाताच्या नखांनी तारा छेडल्या जातात आणि एकाच वेळी दोन-तीन स्वरपंक्ती चालवता येतात.

रागसंगीताला यातील बरेच काही उपयोगी नाही. तेथे एकच स्वरपंक्ती असते आणि तिचे सौंदर्य एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या रीतीत असते. मींड, आंदोलन व गमक यांवाचून राग उभा राहत नाही. पक्क्या पडद्यांची गिटार प्रत्येक स्वर सुटा देते, त्यामुळे ती रागसंगीतास अयोग्य ठरत होती. ही अडचण काल्पनिक नव्हती. स्वर जोडता येत नाहीत व श्रुती साधत नाहीत, या आक्षेपावरूनच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती.

== सरकत्या वादनाची परंपरा ==

तारेवर वस्तू सरकवून स्वर काढण्याची रीत भारतात जुनी आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. ही वीणा ‘कम्रिका’ नावाची बांबूची कांडी तारेवर सरकवून वाजवली जाई. उत्तरेकडील विचित्रवीणा आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यम (चित्रवीणा) यांतही हेच तत्त्व आढळते.

गिटारवर ही पद्धत मात्र हवाई बेटांतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा शोध लावण्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकु यांना दिले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवाईयन वाद्यवृंदांनी आशियाचे दौरे केले. त्यांपैकी ताऊ मो हे १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्यास होते. बंगालमध्ये हे वाद्य झपाट्याने घरोघरी पोहोचले व रवींद्रसंगीताच्या सुरावटी त्यावर वाजू लागल्या. मुंबईत चित्रपटसृष्टीने ते उचलले. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली गिटारवर वाजवून काढलेल्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय होत्या. या लोकप्रियतेची किंमतही वाद्याला मोजावी लागली. गिटार म्हणजे चित्रपटातील चाली वाजवण्याचे साधन, असा ग्रह रसिकांमध्ये रूढ झाला आणि शास्त्रीय मैफलीची दारे तिला बराच काळ उघडली नाहीत.

== ब्रिजभूषण काबरा ==

हा ग्रह मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म जोधपूर येथे झाला. त्यांचे शिक्षण भूगर्भशास्त्राचे होते. बंधू दामोदरलाल काबरा हे सरोदवादक व उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. ब्रिजभूषण यांनीही खाँसाहेबांकडेच तालीम घेतली. म्हणजे गिटारची तालीम गिटारवादकाकडून मिळालीच नाही. सरोदचे बाज, आलाप-जोड-झाल्याची मांडणी आणि कंठसंगीतातील मींड या वाद्यावर कशी आणावी, हे त्यांना स्वतःच शोधावे लागले.

त्यांनी वाद्यात बदल केले, पण ते मोजके. गिब्सन कंपनीची मोठ्या पेटीची ‘सुपर ४००’ गिटार घेऊन त्यांनी तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, म्हणजे कांडी पडद्यांना न लागता मोकळी फिरते. झाल्यासाठी चिकारीची तार जोडली. या रचनेत पडदे केवळ खुणेपुरते उरतात. वादकाचा कान नेईल तेथे स्वर लागतो, त्यामुळे अहिर भैरवातील आंदोलित कोमल रिषभ हवा तेवढा उतरवता येतो. हार्मोनियमवर घेतला गेलेला आक्षेप येथे लागूच पडत नाही.

मोकळेपणाबरोबर अडचणीही येतात. कांडी सरळ असल्याने ती शेजारच्या तारांनाही स्पर्श करते. नको असलेला नाद दाबून टाकण्याची सवय हाताला लावावी लागते. बोटांप्रमाणे कांडी झटकन उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, म्हणून द्रुत तानांत स्वर पुसट होण्याचा धोका असतो. सतारीत पडदा थोडीबहुत चूक सांभाळून घेतो; येथे केसभर चूकही उघडी पडते. काबरा यांच्या वादनात संथ आलापाला मोठे स्थान आहे, ते या वाद्याचे बळ ओळखूनच.

== ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ==

१९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने गिटार सामान्य श्रोत्यापर्यंत शास्त्रीय वाद्य म्हणून पोहोचली. तिचे निर्माते जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक असून एचएमव्ही कंपनीत अधिकारी होते. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या समयचक्रातून मांडावा, अशी तिची कल्पना होती. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि काबरा (गिटार) यांना माणिकराव पोपटकर यांनी तबल्यावर साथ केली. अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी हे राग त्यात आहेत.

तिन्ही वाद्ये त्या काळी मैफलीच्या परिघावर होती, आणि संतूरवर तर मींड घेता येत नाही हाच मुख्य आक्षेप होता. या ध्वनिमुद्रिकेत ही उणीव झाकलेली नाही, तिचा उपयोग केला आहे. संतूरचा स्वर आघाताने उमटून लगेच विरतो, बासरीचा श्वासभर टिकतो आणि गिटारचा स्वर छेडल्यानंतर सरकत दुसऱ्या स्वराला जाऊन मिळतो. ऐकताना हे तीन प्रकारचे नाद वेगवेगळे ओळखू येतात. पुढे शर्मा व चौरसिया यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या मानाने काबरा यांच्याकडे झालेले दुर्लक्ष अन्याय्य म्हणावे लागेल.

== पुढील वादक व वाद्यातील बदल ==

काबरा यांच्यानंतरच्या वादकांनी वाद्यात अधिक तारा जोडल्या. जयपूरचे विश्वमोहन भट्ट (जन्म १९५०) हे पंडित रविशंकर यांचे शिष्य. त्यांच्या मोहनवीणेत मुख्य, चिकारीच्या व तरफेच्या मिळून सुमारे २० तारा असतात. तरफांमुळे वाद्याला सतार-सरोदासारखी आस लाभली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. ‘मोहनवीणा’ हेच नाव राधिकामोहन मैत्र यांनी सरोदावर आधारित आपल्या वाद्यासाठी पूर्वी वापरले होते, त्यामुळे जुन्या लेखनात गोंधळ होऊ शकतो.

कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य (जन्म १९६३) हे काबरा यांचे शिष्य असून त्यांनी चतुरंगी, गांधर्वी व आनंदी ही वाद्ये तयार केली. वाराणसीच्या कमला शंकर यांनी गायकी अंगाला अनुकूल अशी शंकर गिटार घडवली.

राग नेमकेपणाने उमटावा म्हणून वाद्याची घडण बदलणे ही केवळ गिटारची गोष्ट नाही. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळील पळस्पे येथे ध्रुपदाचे गुरुकुल उभारणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे व दांडी जाड करून घेतली, ती आलापातील खर्जाचा नाद दीर्घकाळ टिकावा यासाठी. फरक एवढाच की रुद्रवीणेला आपले शास्त्रीयत्व सिद्ध करावे लागले नाही. गिटारला ते करावे लागले, आणि ‘वीणा’ हा शब्द नव्या नावांत जोडण्याकडे असलेला कलही याच संदर्भात पाहता येतो. काबरा यांनी मात्र आपल्या वाद्याला अखेरपर्यंत गिटारच म्हटले.