रात्रीची गोळी

पहाटे साडेपाच. दादरच्या फुलबाजारात टेम्पो रिकामे होताहेत आणि उड्डाणपुलाखाली आमची मुलं अजून झोपलेली. मुलं म्हणायचं, वय अठरा ते पंचवीस. पालिकेची गाडी यायच्या आत त्यांना उठवायचं, नाहीतर चादरीबरोबर पिशवी आणि पिशवीतली औषधंही कचऱ्यात जातात.

सात. सुलभ शौचालयाच्या रांगेत. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की ‘मस्त, दीदी’ एवढंच उत्तर येतं. म्हणून मी विचारते, ‘कल रात सोया क्या?’ बाकीचं त्यातूनच कळतं.

साडेनऊ. सरकारी रुग्णालय, मानसोपचार ओपीडी. बेघर माणसाला सरकारी मानसोपचार मोफत मिळाले पाहिजेत, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. तरी केसपेपरच्या खिडकीवर आधी पत्ता मागतात. आजचा मुलगा विशीतला. त्याच्या कानात आवाज येतात. गोळीने ते थांबतात, पण तो गोळ्या चुकवतो. डॉक्टरबाई जरा रागावल्या, तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, गोली खाके मुर्दे जैसा सोता हूँ. उठा तो चप्पल भी गायब, मोबाइल भी.’ एकदा पोलिसाच्या काठीनेही जाग आली नाही, तर बेवडा ठरला. बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘पेशंट औषध नियमित घेत नाही’ हा शेरा मी किती कागदांवर वाचलाय! फुटपाथवर गाढ झोपणं परवडत नाही, हे त्या रकान्यात मावत नाही.

गोळी रात्रीचीच राहिली. मग प्रश्न उरला, जागायचं कोणी? त्याचा जोडीदार बाहेर बाकावर बसला होता. ‘मैं हूँ ना.’ कायद्याप्रमाणे रुग्ण आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन नेमू शकतो, आणि तो नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही. तिथल्या तिथे जोडीदाराच्या नावाने कागद केला. घरच्यांचा पत्ता नसलेल्या मुलासाठी या कायद्यातलं हे सगळ्यांत कामाचं कलम, असं माझं मत.

दुपार. वडापाव. पुलाखालच्या याच टोळीत रुमालावर पंक्चरचं सोल्युशन फिरतं, मला ठाऊक आहे. समुपदेशक सांगतात, ‘संगत सोड.’ सोडून झोपायचं कोणाच्या शेजारी? नशा देणारा आणि ताप आला की दवाखान्यात नेणारा एकच असतो. त्याला वगळून नाही, त्याला धरूनच काम करावं लागतं.

चार. बालगृहातून अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेला एक जण. बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज लिहिला.

आठ. रात्रनिवारा. जागा एकाला आहे, तिघांना एकत्र नाही. तिघेही परत पुलाखाली.

साडेदहा. सकाळच्या मुलाच्या जोडीदाराला कॅटरिंगचं काम लागलं, वसईला, पहाटेपर्यंत. पाचशे रुपये सोड म्हणणार कोण? मग रात्री जागायचं कोणी, यावर वाद. एकाला झोप आवरत नाही, दुसऱ्यावर भरवसा नाही. शेवटी कडेवर तान्हं घेतलेली पोरगी वैतागून म्हणाली, ‘मैं तो वैसे भी जागती हूँ, ये सोने कहाँ देता है.’ मी गोळ्यांची पट्टी तिच्याकडे दिली.