कालव्याबरोबर चरहि मागा

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या जागीं आज क्रांती चौक आहे, तेथें १८५७ सालीं काळ्या चबुतऱ्यावर बंडखोर शिपायांस देहदंड झाला. आतां त्याच चौकांत सरकारला जाब विचारण्यास मोर्चे जमतात. शेताला पाणी द्या, ही त्यांची मागणी रास्तच आहे. परंतु शेतांत सांचलेल्या जास्त पाण्यास बाहेर जाण्याची वाट द्या, अशी मागणी आमच्या कानीं आलेली नाहीं.

पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. या पाण्यानें कोरडवाहू रानांस जीवदान दिलें, हें कोण नाकारील? पण काळ्या चिकण जमिनींत निचरा मंद असतो. कालव्याची गळती व बेसुमार पाणी यांमुळें भूजल वर चढतें. उन्हानें पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. लाभक्षेत्रांतील कांहीं जमिनी अशाच खारवट झाल्या आहेत. हा रोग नवा नव्हे. १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्याखालीं तो दिसला, व १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन प्रभृतींनीं त्या खोऱ्यांतील खारवट जमिनींची चौकशी प्रसिद्ध केली.

कोणी म्हणेल, कापूस तर क्षार सोसतो! खरें आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युद्वाहकता १.७ डेसिसायमन प्रति मीटर झाली कीं उसाचें उत्पन्न घटूं लागतें, कापूस ७.७ पर्यंत टिकतो. आंत शिरलेलें सोडियम तो पानांच्या पेशींतील पोकळ्यांत कोंडून ठेवतो. पण हें बळ फुकट मिळत नाहीं. बोंडांत जावयाचें सत्त्व त्या झगड्यांत खर्चीं पडतें. शिवाय तें बळ वाढलेल्या झाडाचें. कोंवळें रोप नाजूकच, म्हणून खारवट शेतांत नांग्या पडतात. आणि झाड हिरवें दिसतें म्हणून धनी गाफील राहतो, हें अधिक घातक.

उपाय अवघड नाहींत. प्रथम माती तपासावी. जमीन नुसती खारवट असेल तर चर खणून गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढावे. चोपण असेल तर तपासणीनुसार जिप्सम घालावें व धैंचा गाडावा. मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतें, म्हणून बीं माथ्यावर न टोंचतां बगलेस टोंचावें.

मात्र चर एकट्याच्या बांधाशीं संपत नाहीं. वरच्याचें पाणी खालच्याचें शेत बुडवितें; तेथें एकट्याचा उद्योग व्यर्थ होय. २००५ सालच्या अधिनियमानें पाणीवापर संस्थांस सिंचनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला व मोजून पाणी देण्याचें तत्त्व घातलें. हक्काचें पाणी मोजून घेणाऱ्या संस्थांनीं निचऱ्याचें कर्तव्यहि वांटून घ्यावें. शहरांतच कांचनवाडीस १९८० सालीं स्थापन झालेली वाल्मी ही संस्था जल व भूमीच्या व्यवस्थापनाचें शिक्षण देते. तिचें ज्ञान बांधापर्यंत पोंचलें पाहिजे.

व्यापाऱ्यांनींहि ही चिंता परकी मानूं नये. जमीन मेली तर अडतीवर गांठोडीं कोठून येणार? पाण्यासाठीं भांडणाऱ्या पुढाऱ्यांनीं आतां चरासाठींहि तितक्याच जोरानें भांडावें, इतकीच आमची विनंति आहे.